गिटारवर बिग्सबी बसवायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत हे काम मी स्वतःच्या आणि मित्रांच्या गिटारींवर बऱ्याचदा केलं, तेव्हापासून प्रश्न येतच असतात आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. आधी सोपे, नंतर अडचणीचे. उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा नंबर दिलाय.

१. बिग्सबी म्हणजे नेमकं काय?

गिटारच्या शेपटाकडे, जिथे तारा अडकवतात तिथे बसणारा टेलपीस आहे हा, फक्त तो हलतो. एक आडवा दांडा, त्याला सहा पिना, पिनांना तारांची मागची टोकं अडकवलेली, बाजूला एक हँडल आणि हँडलखाली एक जाड स्प्रिंग. हँडल दाबलं की दांडा थोडा पुढे फिरतो, तारा सैल पडतात, सूर खाली येतो. सोडलं की स्प्रिंग सगळं जागेवर आणते. तारा दांडा पुढे ओढतायत आणि स्प्रिंग हँडल वर ढकलतेय, या दोघांची बरोबरी झाली की हँडल थांबतं. एवढं डोक्यात ठेवा, पुढची अर्धी उत्तरं यातूनच निघतात.

कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावच्या पॉल बिग्सबीने हे बनवलं. तो मूळचा साचे बनवणारा कारागीर, क्रॉकर मोटरसायकलींवर काम केलेला. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाच्या गिटारवर त्याआधीचा कॉफमनचा व्हायब्रोला (असाच सूर हलवणारा टेलपीस) होता आणि तो सुरात राहत नव्हता, तो दुरुस्त करायला म्हणून बिग्सबीकडे आला आणि बिग्सबीने शेवटी स्वतःचाच नवा बनवला. म्हणजे सुरात न राहण्याची तक्रार या वस्तूच्या जन्माआधीपासूनची आहे. १९६६ मधे गिब्सनचे माजी अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी कंपनी घेतली, १९९९ मधे ती ग्रेचकडे गेली आणि २०१९ मधे फेंडरकडे.

२. व्हायब्रेटो म्हणायचं की ट्रेमोलो?

सूर वरखाली होतो तो व्हायब्रेटो, आवाज लहानमोठा होतो तो ट्रेमोलो. घोळ फेंडरच्या नावांमुळे झाला, १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या यंत्रणेला त्यांनी ट्रेमोलो म्हटलं आणि ॲम्पमधल्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो. दुकानात दोन्ही शब्द चालतात. मला आपला आंदोलन हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो, कारण बिग्सबीचं काम खरंच तेवढंच आहे, सूर हलकेच झुलवणं.

३. फ्लॉइड रोजसारखं (सूर हलवणारी दुसरी एक यंत्रणा) तारा पार लोंबेपर्यंत खाली नेता येतं का?

नाही. साधारण अर्ध्या ते एका सुराची उतरण, वरच्या बाजूला त्याहून कमी. शिवाय सहाही तारा सारख्या उतरत नाहीत, काही जास्त काही कमी, म्हणून कॉर्ड धरून हँडल हलवलं की तो विशिष्ट झुलणारा आवाज येतो. खूप खोल डाइव्ह हव्या असतील तर फ्लॉइड रोजच घ्या, बिग्सबी घेऊन नाराज होऊ नका.

४. माझ्या गिटारला कुठलं मॉडेल बसेल?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि याचं उत्तर गिटारच्या छातीवर अवलंबून आहे, म्हणजे वरचा भाग सपाट आहे की फुगीर आणि आत लाकूड भरीव आहे की पोकळ.

सपाट आणि भरीव (एसजी, टेली म्हणजे टेलिकास्टरसारख्या): बी५. हा छोटा, घोड्याच्या नालासारखा, पूर्ण वरच्या पृष्ठभागावर स्क्रूने बसतो.

फुगीर आणि भरीव, किंवा मधे लाकडी ठोकळा असलेल्या (लेस पॉल, ३३५ सारख्या): बी७. हा मागच्या कडेवरून वळून शेपटाच्या बाजूला स्क्रूने बसतो आणि पुढचे दोन पाय छातीवर स्क्रूने.

पूर्ण पोकळ: पातळ असेल तर बी३, जाड असेल तर बी६. हे दोन्ही फक्त शेपटाच्या बाजूलाच धरलेले असतात, वर स्क्रू नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण पोकळ गिटारची वरची फळी पातळ असते, तिच्यात बी७ चे स्क्रू मारले तर पकड अशी काही मिळतच नाही. तुमच्या गिटारमधे ठोकळा आहे की नाही माहीत नसेल तर एफ आकाराच्या भोकातून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा, दोन मिनिटांचं काम.

दुसरा फरक म्हणजे बी५ आणि बी७ ला पुढे अजून एक आडवा दांडा असतो, टेन्शन बार, जो तारा खाली दाबून धरतो. बी३ आणि बी६ ला तो नसतो. त्याचा परिणाम प्रश्न १३ मधे येतो.

बी५०, बी७० असे शून्य लावलेले नंबर दिसतील, ते त्याच मॉडेलचे स्वस्त, परवान्यावर आशियात बनवलेले भाऊ. मी दोन्ही लावलेत. अमेरिकन जास्त सफाईदार आहे यात शंका नाही, पण बी७० नीट बसवला तर छान चालतो आणि वाकडा बसवलेला बी७ चालत नाही. पैसे कमी असतील तर बी७० घ्या आणि उरलेल्यातून नट (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) चांगला करून घ्या.

५. टेलीला बी५ लावायचाय, फक्त स्क्रू मारले की झालं ना?

नाही ना. टेलीचा ब्रिज (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग) आणि मागचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा) एकाच पत्र्यावर असतात आणि तो पत्रा नेमका बी५ च्या जागेत येतो. एकतर छोटा अर्धा ब्रिज घ्यायचा, किंवा वेगळा ब्रिज आणि पिकअपची चौकट, किंवा टेलीसाठीच बनवलेली किट. शिवाय टेलीची मान छातीला जवळजवळ समांतर असल्याने तारा ब्रिजवरून फार कमी कोनात वळतात आणि मग ब्रिजवरच्या आपापल्या घरातून (तार बसते त्या तुकड्यातून) निसटतात, त्यासाठी मानेखाली पातळ शिम (चकती) घालून ब्रिज थोडा उचलावा लागतो. पहिल्यांदाच करत असाल तर टेलीपासून सुरुवात करू नका असं मी सांगेन.

६. एकही भोक न पाडता बसवता येईल का?

लेस पॉल, एसजी, ३३५ अशा स्टॉपबार (तारा अडकवायचा, दोन खुंट्यांवर बसणारा न हलणारा दांडा) असलेल्या गिटारला हो. व्हायब्रामेटच्या पट्ट्या मिळतात, स्टॉपबार काढायचा, त्याच्याच दोन खुंट्यांच्या जागी पट्टी बसवायची आणि तिच्यावर बिग्सबी. टाउनर नावाचाही एक जोड मिळतो, तोही त्याच खुंट्या वापरतो. उद्या मन बदललं तर सगळं काढून स्टॉपबार परत. जुनी किंवा महागाची गिटार असेल तर दुसरा विचारच करू नका, हेच करा. ऑर्डर करताना खुंट्यांमधलं अंतर आणि आट्यांचा प्रकार मोजून घ्या, इंची आणि मिलिमीटर आट्या वेगळ्या असतात आणि बाहेरून मागवलेली वस्तू कस्टम ड्युटी भरून परत पाठवणं फार त्रासाचं होतं.

७. जागा कशी आखायची? मधोमध म्हणजे कशाच्या मधोमध?

इथे थांबून नीट वाचा, कारण बाकी सगळं सुधारता येतं, चुकीच्या जागी पाडलेलं भोक येत नाही.

मधोमध म्हणजे तारांच्या मधोमध. बॉडीच्या नाही आणि स्ट्रॅपच्या बटणाच्याही नाही. बरेच जण मागच्या बटणाचं भोक धरून बी७ बसवतात, कारण त्याच्या पट्टीत बटणाचं भोक आयतं असतं, पण ते बटण कारखान्यात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे गेलेलं असू शकतं. मग पातळ ई तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरायला लागते आणि माणूस नटला दोष देतो.

मी असं करतो: गिटारच्या छातीवर ब्रिजपासून शेपटापर्यंत मास्किंग टेप लावतो. ब्रिज जागेवर ठेवून बिग्सबी नुसता टेपवर ठेवतो, फक्त दोन्ही टोकाच्या ई तारा चढवतो आणि वाजणार नाहीत इतपतच, हलक्या ताणतो. पहिल्यांदा एक माणूस धरायला घ्या. मग शेवटच्या फ्रेटवर दोन्ही बाजूंनी तार ते कड अंतर मोजायचं आणि दोन्हीकडे सारखं होईपर्यंत बिग्सबी डावीउजवीकडे सरकवायचा. बिग्सबी तिरका नाही ना हे वरून बघायचं, दांडा ब्रिजला समांतर हवा. जमलं की पेन्सिलने टेपवर भोकांच्या खुणा, तारा सोडा, परत एकदा मोजा. तारा नसतील तर शिंप्याचा जाड दोरा ताणूनही चालतं.

८. ड्रिल करताना रंगाचे टवके उडतात, काय करू?

मास्किंग टेप तशीच ठेवून तिच्यावरूनच ड्रिल करा. पहिलं एक-दोन मिलिमीटर ड्रिल उलट्या दिशेने फिरवा, म्हणजे रंग कापला न जाता घासला जातो, मग सुलट फिरवून खोल करा. बिट स्क्रूच्या गाभ्याएवढीच, आट्यांएवढी नाही. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. स्क्रूला मेणबत्ती घासा आणि हाताच्या स्क्रू ड्रायव्हरनेच पिळा, मशीनने नाही, मेपल कडक असतं आणि स्क्रूचं डोकं मोडलं तर ते काढणं भयंकर. पहिल्या गिटारवर मी टेप लावली नव्हती आणि नखाएवढा टवका उडाला, तो मला आजही दिसतो आणि आजही वाईट वाटतं.

९. बसवल्यावर ॲम्पमधून घूंऽऽ असा आवाज येतो, तारांना हात लावला तरी जात नाही.

ग्राउंडची वायर तुटली. स्टॉपबारच्या गिटारमधे आतून एक वायर येऊन खुंटीच्या भोकातल्या धातूच्या बुशला टेकलेली असते आणि त्यातून तारा ग्राउंड होतात. स्टॉपबार गेला, तारा आता बिग्सबीवर, आणि बिग्सबीचा त्या वायरशी संबंधच राहिला नाही.

प्रश्न ६ मधली पट्टी वापरली असेल तर बहुतेक वेळा खुंटीतून आपोआप जोड मिळतो, पण पट्टीवर रंग किंवा लॅकर असेल तर नाही मिळत. स्क्रूने बसवला असेल तर वायर ब्रिजच्या खुंटीला किंवा बिग्सबीच्या पट्टीखाली न्यावी लागते. तपासायला मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला, बीप आला पाहिजे आणि सहाही तारांवर आला पाहिजे.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. तारा ग्राउंड असतात म्हणजे तुमची बोटं केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगशी जोडलेली असतात. आपल्याकडे जुन्या घरांत, वाड्यांत, मंडपांत सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्यामागे वायर नसते. अशा ठिकाणी गिटार हातात आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, जोरातही बसतो. त्यावर उपाय म्हणून गिटारचं ग्राउंड काढायचं नाही. वायरमन बोलवून अर्थिंग करून घ्यायचं आणि तोवर तिथे वाजवायचं नाही.

१०. तारा चढवताना पिनेवरून सारख्या सुटतात, वैताग आलाय.

तारेचं मागचं टोक, जिथे पितळी गोळी असते, ते आधी पेन्सिलभोवती वळवून अर्धगोल करा. मग रस्ता असा: तार टेन्शन बारच्या खालून, मोठ्या दांड्याच्या वरून, मागून खाली, आणि गोळी खालच्या पिनेवर. आता दांडा आणि बॉडीच्या मधे फोमचा तुकडा किंवा घडी घातलेला रुमाल दाबून बसवा म्हणजे गोळी निसटत नाही, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तार पकडा. मग निवांत ट्यूनर फिरवा. चार-पाच वेळा केलं की हात बसतो.

११. सगळ्या तारा काढल्या आणि स्प्रिंग पडली. वर की खाली, कशी लावायची?

स्प्रिंगला धरून ठेवणारं तारांच्या ताणाशिवाय काहीच नसतं, म्हणून सगळ्या तारा काढल्या की ती उडी मारतेच. हँडलच्या खालच्या बाजूला एक खोबण असते, समोर बिग्सबीच्या अंगावर तिचीच जोडीदार, स्प्रिंग दोन्हीमधे बसते. खाली एक पातळ वॉशर असतो, तो हरवू नका, तो नसला की हँडल हलवताना धातूवर धातू किरकिरतो. पुढच्या वेळी तारा एकेक करून बदला, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

१२. हँडल खूप वर येतंय / बॉडीला टेकतंय.

प्रश्न १ मधली बरोबरी आठवा. तारा जाड लावल्या (९ नंबरच्या सेटवरून ११ च्या) की ओढ वाढते, हँडल खाली जातं. पातळ लावल्या की वर येतं. म्हणून आधी कायमच्या वापरायच्या तारा लावा, पूर्ण सुरात आणा, मग ठरवा. खाली जात असेल तर उंच स्प्रिंग मिळते: नेहमीची सात अष्टमांश इंच म्हणजे २२ मिलिमीटर, उंच वाली एक इंच. वर येत असेल तर खालचा वॉशर पातळ करता येतो. हँडल आडवं फिरताना ढिलं वाटत असेल तर त्याच्या मधल्या बोल्टचं नट थोडं आवळा, इतकंच की सोडल्यावर लोंबणार नाही.

१३. सुरात राहत नाही! बिग्सबी परत करू का?

थांबा, परत करू नका. बहुतेक वेळा बिग्सबीचा काही दोष नसतो. तार जिथे कुठे टेकते तिथे ती सरकली पाहिजे आणि परत त्याच जागी आली पाहिजे, ती अडकली की सूर गेला. सतार किंवा तंबोरा लावणाऱ्याला हे सांगावंच लागत नाही.

अडकण्याच्या जागा तीन, आणि मी याच क्रमाने तपासतो.

पहिली नट. जी तार लावताना टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? तर खाच अरुंद आहे. लेस पॉलसारख्या गिटारमधे जी आणि डी तारा नटवरून ट्यूनरकडे तिरक्या जातात म्हणून त्यांचा त्रास जास्त. शिसपेन्सिलचं टोक खाचेत घासा, हा फुकटचा उपाय आणि बऱ्याचदा पुरतो. नाही पुरला तर जाणकाराकडून खाच तारेच्या जाडीनुसार घासून घ्या, किंवा ग्राफाइट मिसळलेला नट बसवा.

दुसरी ब्रिज. टेन्शन बार तारा खाली दाबतो म्हणून ब्रिजच्या घरांवर भार जास्त पडतो, आणि त्या घरांत वर्षानुवर्षं तारांनी खाच पाडलेली असेल तर तार तिथे अडकते. हँडल सोडल्यावर सूर थोडा खालीच राहिला तर संशय इथे धरा. घराची खाच बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, पेन्सिल इथेही घासा.

तिसरी ट्यूनर. ट्यूनरच्या दांडीवर सात-आठ वेढे म्हणजे सात-आठ जागी ढिलाई. दोन-तीन वेढे पुरे. नव्या तारा हाताने ओढून ताणा, परत सुरात लावा, ताणल्यावर सूर उतरेनासा होईपर्यंत हे करत राहा.

एवढं करूनही थोडं इकडेतिकडे झालं तर हँडल एकदा खाली दाबून हलकेच सोडा, बऱ्याचदा सगळं जागेवर येतं. मोठ्या डाइव्हनंतर ही सवयच लावून घ्या.

१४. रोलर ब्रिज घेऊ का?

आधी प्रश्न १३ पूर्ण करा. रोलर ब्रिज चांगला असेल तर उपयोग होतो, पण स्वस्तातल्यात चाकं ढिली असतात, खडखडतात, किंवा गंजून फिरतच नाहीत आणि मग साध्या ब्रिजपेक्षा वाईट. माझ्या तीन गिटारींपैकी एकीवरच आहे.

१५. माझ्या पोकळ गिटारचा ब्रिज नुसता ठेवलेला आहे, हँडल वापरलं की सरकतो.

तो तारांच्या दाबानेच उभा असतो. इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) बरोबर लावून जागेची खूण करा, मग ब्रिजच्या पायाखाली पातळ दुहेरी टेप लावा. काही लोक खालून दोन छोट्या पिना ठोकून पक्का करतात, पण ते कायमचं काम आहे.

१६. बिग्सबीमुळे आवाज बदलतो का?

बदलतो, वजनही वाढतं. ब्रिजच्या मागे तारांचा लांब तुकडा राहतो, तोही थोडा गुंजतो, आवाज जरा मोकळा आणि चकचकीत होतो. मला आवडतो. नील यंगची ती काळी लेस पॉल, १९५३ ची, तिच्यावर बिग्सबी आहे, तिचा आवाज ऐकून ठरवा. मागचा गुंजणारा तुकडा रेकॉर्डिंगमधे नको असेल तर तिथे फोम घाला.

१७. स्टॉपबारची भोकं उघडी राहिली, वाईट दिसतं.

खुंट्या काढू नका, बुश लाकडातून ओढताना फिनिश फाटतो. खुंट्या पूर्ण आत पिळून ठेवल्या तरी बऱ्या दिसतात. साठच्या दशकात कारखान्यातून बिग्सबी लावून आलेल्या ३३५ वर ही भोकं झाकायला ‘कस्टम मेड’ लिहिलेली छोटी पट्टी लावलेली असायची, तशा पट्ट्या आजही मिळतात.

१८. कोकणात राहतो, पावसाळ्यात काय काळजी?

समुद्राजवळ ॲल्युमिनियमला पांढरे डाग पडतात आणि स्क्रू गंजतात. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसा, केसमधे सिलिका जेलची पाकिटं ठेवा, महिन्यातून एकदा दांड्याच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. लाकडावर सांडू देऊ नका.

१९. डावखुऱ्यांसाठी?

डावखुरी मॉडेल वेगळी मिळतात, पण पर्याय कमी. उजवं मॉडेल लावलं तर हँडल जाड तारांच्या बाजूला येतं. काही जण मुद्दाम तसं वाजवतात, तरी घेण्याआधी हात तिथे पोचतो का बघा.

२०. एक तार बेंड केली की बाकीच्या बेसूर होतात. हे कसं घालवायचं?

घालवता येत नाही. एका तारेची ओढ वाढली की दांडा किंचित पुढे येतो आणि बाकीच्या पाच उतरतात, प्रश्न १ चीच बरोबरी. म्हणून दोन तारांचे कंट्री बेंड, ज्यात एक तार स्थिर सूर धरते, ते बिग्सबीवर थोडे बेसूर लागतात. स्थिर असलेली तारही बोटाने अगदी किंचित वर ढकलायची, कानाने जुळवून घ्यायचं. याच कारणाने कार्यक्रमात तार तुटली तर उलटं होतं, बाकीच्या पाच चढतात, मग गाणं थांबवायचं नसेल तर हँडलवर तळहात हलका टेकवून ठेवा आणि तसंच वाजवत राहा.